मायकोरायझा, भातपिकातील

भाताच्या मुळांशी सहजीवन जोडून पिकाला पोषकद्रव्ये पुरवणारी मृदेतील उपकारक कवके. ती ग्लोमेरोमायकोटा गटातील असून जैविक खतांच्या बाजारात ‘व्हॅम’ या नावाने ओळखली जातात. रायझोफेगस व फनेलिफॉर्मिस या प्रजातींतील कवकांवर भातात बरेच प्रयोग झाले आहेत.

कार्य : स्फुरद मातीत फारसे हलत नाही. त्यामुळे मुळाभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा थर लवकरच रिता होतो. कवकाचे तंतू त्यापलीकडे काही सेंटिमीटर पसरून तेथील स्फुरद व जस्त आणतात. मुळाच्या पेशीत शिरलेला तंतू झुडपासारखा फांदतो आणि देवघेव तेथेच होते. या जागी स्फुरद आत घेणारे भाताचे ‘ओएसपीटी ११’ हे वाहक प्रथिन कवकाची लागण झाल्यावरच कार्यरत होते, असे २००२ मध्ये दिसून आले. मोबदल्यात वनस्पती शर्करा व मेद देते. तिने तयार केलेल्या कर्बाचा साधारण ४ ते २० टक्के वाटा कवकाकडे जातो. स्फुरद कमी पडले की मुळे स्ट्रिगोलॅक्टोन ही संजीवके सोडतात व कवकाला फांदण्याची चालना मिळते. स्फुरदयुक्त खत भरपूर दिलेल्या शेतात मात्र हे सहजीवन मंदावते.

पाण्याचा प्रश्न : या कवकांना हवा लागते. चिखलणी करून पाणी साठवलेल्या खाचरात ऑक्सिजन घटतो व मुळांतील लागण बरीच कमी होते. शिवाय पाणी साचल्यावर लोहाशी बांधलेले स्फुरद काही प्रमाणात आपोआप मोकळे होते, त्यामुळे कवकाची गरजही कमी भासते. म्हणून वरकस जमिनीतील भात, धूळवाफ पेरणी, कोरड्या गादीवाफ्यावरची रोपे आणि आलटून-पालटून पाणी देण्याची पद्धत येथे त्यांचा उपयोग अधिक होतो. कोकण-गोव्यातील आम्लधर्मी जांभ्या मातीत लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. त्यामुळे तेथील उतारावरच्या भाताला या कवकांच्या उपयोगाचा मुद्दा विशेष लागू पडतो.

वापर : जिवंत मुळांवाचून ही कवके वाढत नाहीत. म्हणून मका, ज्वारी यांसारख्या पिकांच्या कुंड्यांत किंवा प्रयोगशाळेतील मूळसंवर्धनावर त्यांचे उत्पादन होते. मूळसंवर्धनाचे तंत्र भारतात ‘टेरी’ या संस्थेने विकसित केले. हे जैविक खत रोपवाटिकेतील मातीत बियाण्याखाली मिसळल्यास कोवळ्या मुळांना लावणीपूर्वीच लागण होते. कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया कवकाला मारक ठरू शकते. भातानंतर वाल, चवळी यांसारखी कडधान्ये घेतल्यास कवक जमिनीत टिकून राहते; मोहरी त्याला आश्रय देत नाही.

मर्यादा : मातीत बांधलेले स्फुरद विरघळवणे हे मुख्यतः स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचे काम, मायकोरायझा उपलब्ध स्फुरद दूरवरून गोळा करते. जमिनीत मुळातच स्फुरद अत्यल्प असेल, तर नुसत्या कवकाने ते वाढत नाही. स्थानिक कवके भरपूर असलेल्या शेतात बाहेरून दिलेल्या जैविक खताचा फरक फारसा दिसत नाही. त्यामुळे मातीपरीक्षण आधी करून, हे जैविक खत न दिलेला एखादा वाफा तुलनेसाठी राखणे हिताचे ठरते.