शेवटून दुसरं अक्षर

माझ्या सासूबाई क्राकुफच्या एका शाळेत पोलिश शिकवायच्या. सून मराठी, तेव्हा त्यांनी आधी एकच नियम पाठ करून घेतला: शब्द कितीही लांब असो, आघात उपान्त्य अक्षरावर. ‘कोन्स्तान्तिनोपोलितान्चिकोव्यानेच्का’ हा गमतीने घडवलेला शब्द घ्या. अर्थ, कॉन्स्टॅन्टिनोपलची छोकरी. लिहिताना 32 वर्ण, उच्चारात अक्षरं 12, आणि जोर ‘नेच्’वर. ओळीच्या टोकाला शब्द तोडायचा तर मुभा भरपूर. ‘शोस्त्रा’ म्हणजे बहीण; ती ‘शो-स्त्रा’, ‘शोस्-त्रा’, ‘शोस्त्-रा’ अशी कशीही तोडली तरी चालते. आघाताला मात्र असली मुभा नाही.

पण त्या लांबलचक शब्दात नीट कान दिला तर पहिल्या ‘कोन्’वरही हलका ठोका ऐकू येतो. शेजारच्या चेक भाषेत मुख्य आघात आजही पहिल्याच अक्षरावर असतो. पोलिशही एके काळी तशीच बोलली जायची, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तात्रा पर्वताच्या पायथ्याच्या पोदहालेत ते अजून ऐकायला मिळतं. आम्ही ‘झाकोपाने’ म्हणताना ‘पा’वर जोर देतो, तिथला गुराल ‘झा’वर देतो. शहरी लोक हसतात, पण जुना ठेका त्या डोंगरकऱ्यांनीच राखलाय.

16व्या शतकात यान कोहानोव्स्कीने कवितेच्या ओळीची अखेर उपान्त्य आघातावर बसवली. 1834 साली पॅरिसमध्ये छापलेलं मित्स्कियेविचचं ‘पान तादेऊश’ हे काव्य याच वळणाचं: ओळीत 13 अक्षरं, सातव्यानंतर यती. ओवी-अभंगावर वाढलेल्या माणसाला अक्षरं मोजायला काय अवघड? मला त्यात लगेच घरच्यासारखं वाटलं.

अडले ते क्रियापदांपाशी. ‘चिताली’ म्हणजे ते वाचत होते, ‘चितालिश्मी’ म्हणजे आम्ही वाचत होतो, ‘चितालिबिश्मी’ म्हणजे आम्ही वाचलं असतं. शब्द वाढत गेला तरी जोर ‘ता’वरून हलत नाही, शेवटच्या रूपात तो शेवटून चौथ्या अक्षरावर पडतो! कारण ‘श्मी’ आणि ‘बी’ हे मुळात सुटे शब्द. क्रियापदाला चिकटले खरे, पण आघाताच्या हिशोबात त्यांना अजून धरलं जात नाही. सासूबाई आजही ‘केदीश्मी चिताली’, म्हणजे ‘आम्ही वाचत होतो तेव्हा’, असं म्हणतात. ‘श्मी’ क्रियापद सोडून ‘केदी’ला, म्हणजे ‘केव्हा’ला, जाऊन चिकटतो.

दुसरा अपवाद लॅटिनने दिला. ‘मातेमातिका’त जोर मधल्या ‘मा’वर, ‘उनिवेर्सितेत’मध्ये ‘वेर्’वर. पूर्वी लॅटिन शिकलेल्या माणसाची ही खूण होती. आता माझी मुलगी ‘मातेमातिका’त सर्रास ‘ति’वर जोर देते आणि आजीबाईंच्या कपाळाला आठी पडते. कोशांनी तोडगा काढलाय: घरी, रस्त्यावर चालेल, भाषणात आणि बातम्यांत नको. माझं मत विचाराल तर पुढच्या पिढीत इथे ‘ति’च जिंकणार. ‘चितालिश्मी’तही लोक ‘लि’वर जोर देऊ लागलेत, तिथे मात्र मी सासूबाईंच्या बाजूने आहे.