किल्ली, कोडे आणि पारख

ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. १८९३ साली या संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे विनायक लक्ष्मण भावे पुढे 'महाराष्ट्र सारस्वता'चे कर्ते म्हणून ख्यात झाले. चॅटबॉटला गूढ शब्दकोड्यातले सूत्र कळते काय, आणि त्याची पारख करता येते काय, असा प्रश्न आज विचारला जातो. त्याचा विचार भाव्यांपासून सुरू करावा, असे आम्हांस वाटते.

महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर वा चिन्ह योजायचे, हे त्यांचे तत्त्व. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे आदी अभ्यासकांमुळे हे वाङ्मय पंथाबाहेरील वाचकांना खुले झाले. किल्ली मिळाल्यावर लिप्यंतर हे केवळ चिकाटीचे काम उरते. ते यंत्रही करील. परंतु कोणता ग्रंथ जुना, कोणता सरस, हे किल्ली सांगत नाही. तो निवाडा 'सारस्वत'कारांना स्वतःच करावा लागला.

शब्दकोड्याचा इतिहासही असाच दुपदरी आहे. आर्थर विन यांचे पहिले कोडे १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये छापले गेले. त्यात सरळ अर्थ विचारलेले होते. १९२० च्या दशकात इंग्लंडात 'टॉर्कमाडा' या नावाने लिहिणाऱ्या एडवर्ड पॉइस मॅदर्स यांनी त्याला गूढ वळण दिले. पुढे 'झिमेनीझ' ऊर्फ डी. एस. मॅकनट यांनी १९६६ च्या ग्रंथात न्याय्य सूत्राची कसोटी मांडली: नेमकी व्याख्या, प्रामाणिक शब्दखेळ आणि याखेरीज काहीही नाही. फसवावे, पण खोटे बोलू नये, असा तो धर्म. आपल्याकडे १९७१ पासून 'द हिंदू'साठी अशी कोडी रचली ती निवृत्त नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास कटारी यांनी.

मराठीत पाहू. 'उलटी वाहणारी नदी गरीब (२)'. उत्तर 'दीन'. 'नदी' उलटली, 'गरीब' ही व्याख्या. एकही शब्द फुकट गेला नाही. आता दुसरे: 'गोंधळलेला नवरा झाडावर उड्या मारतो (३)'. उत्तर 'वानर'. हसू येते खरे. पण 'रा'चा काना 'व'वर गेला आहे. मराठी कोड्याच्या चौकटीत मात्रेसह संपूर्ण अक्षर बसते. म्हणून आम्ही हे सूत्र बाद ठरवू. वर्ण सुटे मोजणारा कोणी ते मान्यही करील, आणि तो वाद रास्तच असेल.

चॅटबॉट या वादात कोठे उभा राहील? तो अक्षरे पाहत नाही. मजकुराचे तुकडे पाडून वाचतो, आणि ते तुकडे आपल्या अक्षरांशी जुळतीलच असे नाही. २०२१ साली 'गार्डियन'मधील लाखाहून अधिक सूत्रांवर तत्कालीन भाषा-प्रारूपे तपासली गेली, तेव्हा यश अगदी तुटपुंजे होते. प्रशिक्षणात येऊन गेलेली उत्तरे वगळताच ते आणखी घटले. त्यानंतर यंत्रे पुष्कळ सुधारली. पण उत्तर बरोबर येणे निराळे आणि ते का बरोबर हे दाखवणे निराळे. व्याख्येवरून 'वानर' ओळखून मागाहून शब्दखेळाची ओढूनताणून संगती लावता येते. आणि असे स्पष्टीकरण ठाम भाषेत आले की वाचक फसतो. त्यातच रचनाकाराला 'सुंदर सूत्र!' अशी शाबासकी मिळाली, तर नवशिका कायमचा बिघडतो.

येथे केवळ करमणुकीचा प्रश्न नाही. सूत्र बाद करणे म्हणजे सोडवणाऱ्याच्या बाजूने रचनाकाराला जाब विचारणे. ज्याला फसवले गेल्याचा राग येत नाही, आणि न्याय्य फसवणुकीचा आनंदही होत नाही, त्याला नियम पाठ असतील. पण ते कोणाच्या रक्षणासाठी आहेत, हे तो कशावरून जाणणार? यंत्राकडून उत्तर खुशाल घ्यावे, काना-मात्रा मात्र आपणच मोजाव्यात.