ऊसबिलाची कुळकथा

आमच्या ऊसबिलावर तात्यांचं आडनाव कधी पुरं छापून आलं नाही. डॉट मॅट्रिक्सच्या फिक्या शाईत शेवटची दोन अक्षरं कायम गायब. एकदा त्यांनी कारखान्याच्या चिटबॉयला हटकलं. तो म्हणाला, "तात्या, फिल्ड तेवढंच हाय." तात्या म्हणाले, "साडेतीन एकर हाय की! नावाला जागा कमी पडती व्हय?"

हे फिल्ड आमच्या शेताचं नव्हतं. कारखान्याच्या संगणकातल्या डीबीएफ फाइलीत प्रत्येक रकान्याची, म्हणजे फिल्डची, रुंदी आधीच ठरवावी लागते. नावाला वीस घरं दिली की वीसच. नाव लहान निघालं तर उरलेली घरं मोकळी, मोठं निघालं तर कात्री. आपण तर स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव, तिन्ही लावणारी माणसं.

या फाइलीचं मूळ १९७८ सालचं. इकडे उजनी धरणाचं पाणी जुन्या पळसदेव गावात शिरत होतं त्या काळात, कॅलिफोर्नियात वेन रॅटलिफ नावाचा इंजिनिअर ऑफिसातली फुटबॉलची पैज जिंकायला आकडेमोड करत होता. त्यासाठी त्यानं घरच्या घरी 'व्हल्कन' हा प्रोग्रॅम लिहिला. जॉर्ज टेट आणि हॅल लॅशली यांनी तो 'डीबेस टू' म्हणून विकला. डीबेस वन नव्हताच. कंपनीचं नाव ॲश्टन-टेट, आणि त्यातला ॲश्टनही नव्हता!

याच धंद्यातली ओरॅकल कंपनी १९७७ची, मोठ्या यंत्रांवर वाढलेली. ऐंशीच्या दशकात तीही टेबलावरच्या पीसीवर उतरली, पण तिची भूक मोठी. डॉसच्या ६४० केबीत तिचं भागेना. १९९५ साली ओरॅकलचे लॅरी एलिसन स्वस्त 'नेटवर्क कॉम्प्युटर'ची भाषा बोलू लागले. तेही यंत्र चाललं नाही. माझ्या मते त्यांना टेबल कळलंच नाही. टेबलावर एक कारकून बसतो, आणि त्याला संध्याकाळच्या आत पट्टी काढायची असते.

ते कळलं ओहायोतल्या फॉक्स कंपनीला. १९८८चा डीबेस फोर चुकांनी भरलेला निघाला, तर फॉक्सप्रो त्याच फाइली झपाट्यानं वाचायचा. ॲश्टन-टेट १९९१ला बोरलँडनं घेतली, फॉक्स १९९२ला मायक्रोसॉफ्टनं. इकडे कारखाने, पतसंस्था, दूधसंघ यांच्या टेबलांवर फॉक्सप्रो मुक्कामालाच आला. सभासद नंबर, गट नंबर, लागण की खोडवा, ८६०३२ की दुसरी जात, काट्यावरचं वजन: सगळं त्या ठरलेल्या घरांत.

१९९८ साली वारणा साखर कारखान्याच्या सत्तर गावांसाठी संगणक केंद्रं उघडली. शेतकरी तिथं मुख्यतः आपल्या उसाचंच बघायचे. पुढं मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी सात गावांत पीसीच्या जागी मोबाइल संदेश वापरून पाहिले. त्याचा अहवाल २००७चा, आणि फॉक्सप्रोची नवी आवृत्ती निघणार नाही हे मायक्रोसॉफ्टनं सांगितलं, तेही २००७लाच.

आता आमचंही वजन मोबाइलवर येतं. नवीन प्रणाली बसवताना जुनी फाइल जशीच्या तशी उचललेली दिसते. तात्यांच्या आडनावाची दोन अक्षरं अजून यायची आहेत.