पाडव्याचा चहा



दिवाळीच्या अमावास्येला पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवायचा आणि दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, वीर निर्वाण संवत बदलायचं. आमचं नवं वर्ष हे असं. त्या सकाळी दर्शन करून आलं की भावकीतली पंधरा-वीस माणसं आमच्याकडे चहाला असतात. पाणी गाळलेलं, त्यात गवती चहा आणि वेलदोडा. आलं कंदमूळ, म्हणून ते नाही.

जपानमध्ये क्योतो शहरातही नव्या वर्षी असाच मानाचा चहा पितात. त्याला ओबुकुचा म्हणतात. त्यात खारवलेला आलुबुखार आणि समुद्रशेवाळाचा तुकडा घालतात. सन 951 च्या साथीत कूया नावाच्या भिक्षूने रोग्यांना आपल्या हाताने चहा पाजला, त्याची ही आठवण, अशी तिथली कथा आहे.

आपल्याकडे मात्र चहा कोणाच्या हातचा, यावरून रामायण घडलं. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशी मंडळी व्याख्यानाला गेली. तिथे चहा-बिस्किटं समोर आली. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं छापून आणली. प्रकरण थेट संकेश्वर-करवीर पीठाच्या शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपासाठी!

त्यानंतर तीसेक वर्षांनी आमच्या कोल्हापुरात याच चहाने उलट काम केलं. गंगाराम कांबळे सरकारी पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या हौदातल्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. त्यांनी शाहू महाराजांपुढे गाऱ्हाणं मांडलं. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं, पैसेही दिले. भाऊसिंगजी रोडवर त्यांचं ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभं राहिलं. दुकान झालं, पण गिऱ्हाईक कुठलं? मग महाराजांचा खडखडा दुकानासमोर थांबू लागला. महाराज स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. छत्रपतींनी पुढे केलेला कप नाही कसा म्हणणार? 1919 साली सार्वजनिक जागी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूमही त्यांनी काढले. पण मला विचाराल तर हुकमापेक्षा तो कप जास्त लोकांच्या घशाखाली उतरला.

याच महाराजांच्या पाठबळाने 1901 मध्ये कोल्हापुरात जैन बोर्डिंग निघालं. महाराजांचं चरित्र लिहिणारे अण्णासाहेब लठ्ठे जैनच. हे आम्ही अभिमानाने सांगतो. सांगताना आमच्या परसदारचा कोनाडा मात्र विसरतो.

त्या कोनाड्यात एक टवका उडालेला कप असायचा, कामवाल्या बाईंसाठी. सासूबाईंनी ठेवलेला. मी बी.कॉम. होऊन या घरात आले आणि वीस वर्षं त्याच कपात वरून चहा ओतत राहिले. सासूबाई गेल्यावरही. कोणी सांगितलं होतं म्हणून नव्हे. हाताला सवय होती.

गेल्या पाडव्याला मावशींना सगळ्यांच्या सेटमधला कप दिला आणि बसा म्हटलं. आधी त्या उभ्याच राहिल्या. जाऊबाईंनी सरकून जागा दिली, तेव्हा कडेला टेकल्या. चहा झाल्यावर सवयीने स्वतःचा कप विसळायला उठल्या. मी तो काढून घेतला आणि बाकीच्या कपांबरोबर परातीत ठेवला.