गृह-विद्युत् तारकाम व त्याचे नियम

गृह-विद्युत् तारकाम : इमारतीत आलेला विद्युत् पुरवठा दिवे, पंखे व इतर उपकरणांपर्यंत सुरक्षितपणे नेण्यासाठी केलेली तारा, बटणे, वितळतारा व भूयोजन यांची मांडणी. व्यवहारात तिला ‘वायरिंग’ म्हणतात. तारांवरील निरोधक आवरणाचे आयुष्य भिंतींच्या आयुष्यापेक्षा कमी असल्याने प्रत्येक जुन्या घरात ही मांडणी केव्हातरी बदलावी लागते. हे काम मालकाच्या मर्जीवर न सोडता नियमबद्ध करण्याची गरज विजेच्या प्रसाराबरोबरच जाणवू लागली.

प्रारंभ : टॉमस एडिसन यांचे न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट वीज केंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी लंडनमधील तार व विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांमुळे उद्‌भवणारा आगीचा धोका टाळण्यासाठी नियम प्रसिद्ध केले. त्या काळी विजेच्या धक्क्यापेक्षा आगीची धास्ती अधिक होती, हे या नियमांच्या शीर्षकावरूनच दिसते. आगीचे नुकसान भरून द्यावे लागत असल्याने विमा कंपन्यांनीही स्वतःचे नियम केले. अमेरिकेत निरनिराळ्या नियमावल्यांचा मेळ घालून १८९७ मध्ये राष्ट्रीय विद्युत् संहिता तयार झाली. लंडनचे नियम वेळोवेळी सुधारले जाऊन १९९२ मध्ये त्यांना ब्रिटिश मानकाचा दर्जा मिळाला.

भारतातील वाटचाल : कलकत्त्यात १८९९ मध्ये व मुंबईत १९०५ मध्ये सार्वजनिक वीजपुरवठा सुरू झाला. खोपोली येथील टाटांच्या जलविद्युत् केंद्रातून १९१५ पासून मुंबईला वीज मिळू लागली. १९१० चा भारतीय विद्युत् अधिनियम आणि त्याखालील १९३७ व १९५६ चे नियम यांनी घरगुती तारकामाला कायद्याची चौकट दिली.

सुरुवातीच्या घरांत खोबणी पाडलेल्या लाकडी पट्ट्यांतून रबराच्या आवरणाच्या तारा नेऊन त्यांवर लाकडी झाकणपट्टी ठोकीत. पुढे सागवानी पट्टीवर क्लिपांनी तार बसविण्याची आणि नंतर नळीतून पीव्हीसी आवरणाच्या तारा नेण्याची पद्धत आली. रबर उष्णतेने व कालांतराने कडक होऊन तडकते. विशेषतः दिव्याच्या होल्डरजवळ ते लवकर झडते व उघड्या तारा एकमेकींना किंवा ओलसर भिंतीला टेकतात. शिवाय ही मांडणी थोडे दिवे व पंखे यांपुरतीच केलेली असे. इस्त्री, शीतकपाट, पाणी तापविण्याचे उपकरण व वातानुकूलन यंत्र यांचा भार त्याच तारांवर पडू लागला, की वितळतार वारंवार वितळते. तिच्या जागी जाड तार बांधल्यास दिवे जात नाहीत; पण वितळतारेने सोसावयाची उष्णता मग भिंतीतील तार सोसते व आगीला कारण मिळते.

नियमांमागील कारणे : जुन्या मांडणीत पुष्कळदा जिवंत व उदासीन या दोन्ही तारांत वितळतारा असत. उदासीन तारेतील वितळतार आधी वितळली, तर दिवा विझतो, परंतु होल्डरमध्ये विद्युत् दाब कायम राहतो. वीज गेली असे समजून हात घालणाऱ्यास धक्का बसतो. म्हणून १९५६ च्या नियमांनी भूयोजित उदासीन तारेत स्वतंत्र वितळतार वा बटण घालण्यास मनाई केली. त्याच नियमांनी तारकाम परवानाधारक कंत्राटदाराने व सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करण्याचे बंधन घातले. दिवे, पंखे, बटणे, वितळतारा इत्यादींची निव्वळ अदलाबदल मात्र त्यातून वगळली. ५०० व्होल्ट दाब एक मिनिट लावला असता संवाहक व भूमी यांतील निरोधन रोध किमान १ मेगओहम असावा, ही कसोटीही त्यांत होती.

वितळतार मुख्यतः तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. ती वितळण्यास काही अँपिअर प्रवाह लागतो. माणसाला मात्र ०·१ अँपिअरहून कमी प्रवाहही प्राणघातक ठरू शकतो. यामुळे उपकरणांच्या धातूच्या भागांचे भूयोजन व त्यासाठी तीन पिनांची खोबणी आवश्यक ठरली. नंतर भूमीकडे होणारी ३० मिलिअँपिअर इतकी गळतीही ओळखून पुरवठा तोडणारी प्रयुक्ती प्रचारात आली.

पुनर्तारकामाची आखणी : प्रथम सर्व उपकरणांच्या भाराची बेरीज करून मंडलांची विभागणी करतात. भारतीय मानक ७३२ च्या १९८९ च्या आवृत्तीनुसार दिवे व पंख्यांच्या एका मंडलावर दहापेक्षा अधिक बिंदू किंवा ८०० वॉटपेक्षा अधिक भार नसावा. जड उपकरणांसाठी वेगळी मंडले ठेवतात. त्यानुसार तारांचे आकारमान ठरवून भूयोजनाची तार प्रत्येक खोबणीपर्यंत नेतात. काम संपल्यावर निरोधन, तारांची योग्य जोडणी व भूयोजनाचे सातत्य तपासून मगच पुरवठा जोडतात.

१९१० च्या अधिनियमाची जागा २००३ च्या विद्युत् अधिनियमाने घेतली. त्याखाली केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षाविषयक विनियम केले व २०२३ मध्ये त्यांऐवजी नवे विनियम आणले. तथापि पट्टीखाली किंवा गिलाव्याआड दडलेली जीर्ण तार केवळ नियम बदलल्याने सुरक्षित होत नाही. जुन्या वाड्यांत व चाळींत एकाच पुरवठ्यावर अनेक बिऱ्हाडे अवलंबून असल्यास एका खोलीतील दोष सर्वांनाच भोवतो. म्हणून तेथे ठराविक काळाने तपासणी व वेळीच पुनर्तारकाम करणे हाच खरा उपाय ठरतो.