जुनं कव्हर काढताना इतिहास कुठे जातो?

आजचा विषय वरवर अगदी छोटा आहे: मॉडेल विमानाचं जुनं कव्हर काढणं.

आधी थोडी पार्श्वभूमी. मॉडेल विमानाचा सांगाडा बहुतेकदा बाल्सा लाकडाचा असतो. पूर्वी त्यावर पातळ टिश्यू पेपर किंवा रेशीम चिकटवून वरून डोप लावायचे. डोप म्हणजे सेल्युलोजचं एक प्रकारचं लॅकर. ते सुकताना कव्हर ताणून घट्ट करतं. वास मात्र उग्र, आणि नायट्रेट डोप तर भलतंच ज्वालाग्राही! 1960 च्या दशकात अमेरिकेत टॉप फ्लाइटची मोनोकोट फिल्म आली. मागे उष्णतेने चिकटणारा थर, समोर प्लॅस्टिकची चकचकीत फिल्म. इस्त्री फिरवली की चिकटते, आणखी उष्णता दिली की आक्रसून ताठ होते. काम सोपं झालं.

काढताना मात्र कसोटी लागते. फिल्म थंड असताना ओढली तर मऊ बाल्साचे तंतू तिच्याबरोबर उपटून येतात. म्हणून आधी हलकी उष्णता द्यायची, गोंद मऊ करायचा, आणि फिल्म वर न खेचता मागे दुमडून, सावकाश सोलायची. तरी मोनोकोटचा रंग बऱ्याचदा लाकडावरच राहतो, कारण तो गोंदाच्या थरात असतो. मग खिडक्या उघड्या ठेवून थिनरने पुसायचं आणि हलक्या हाताने पॉलिश पेपर मारायचा.

आता खरा प्रश्न. जे काढलं, त्याचं काय करायचं?

इथे राइट बंधूंचं 1903 चं फ्लायर आठवतं. त्याच्या पंखांवर साधं सुती कापड होतं. अमेरिकेत त्याला मस्लिन म्हणतात, पण आपल्या तलम मलमलीशी गल्लत नको, ते मांजरपाटाच्या जवळचं. 17 डिसेंबर 1903 ला चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्याने विमान उलटलं आणि ते पुन्हा कधीच उडालं नाही. 1913 मध्ये डेटनला पूर आला, तेव्हा त्याच्या पेट्या पाण्याचिखलात होत्या. पुढे 1927 मध्ये ऑरव्हिल यांनी प्रदर्शनासाठी कापड बदललं आणि 1928 मध्ये विमान लंडनला गेलं. 1948 मध्ये ते स्मिथसोनियनमध्ये आलं. तिथे 1985 मध्ये पुन्हा नवं कापड चढलं.

म्हणजे आज संग्रहालयात दिसतं ते कापड 1903 चं नाहीच! पण जुन्या कापडाचे तुकडे टिकले. त्यातले काही 1969 मध्ये अपोलो 11 बरोबर चंद्रावर गेले. एक छोटा तुकडा इंजेन्युइटी हेलिकॉप्टरच्या सौर पॅनेलखाली लावला होता, आणि 2021 मध्ये ते मंगळावर उडालं. कव्हर म्हणून निरुपयोगी ठरलेलं कापड पुरावा म्हणून अनमोल ठरलं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटेल. जुना कोड काढून टाका, खुशाल काढा, पण त्याची नोंद ठेवा. कव्हर बदललंच पाहिजे, नाहीतर आतली मोडलेली रिब दिसणार कशी? पण सोललेली फिल्म परत चढत नाही. रंगसंगती, अक्षरं, जुन्या डागडुजीच्या खुणा, सगळं त्या एका थरात असतं. म्हणून इस्त्री तापवण्याआधी फोटो काढा, अक्षरांचा ट्रेसिंग पेपरवर छाप घ्या, आणि तळहाताएवढा एक तुकडा तारीख लिहून पाकिटात ठेवा.

बाकीची फिल्म खुशाल कचऱ्यात जाऊ द्या. भेटू पुढच्या भागात!