१९६४ चा सप्टेंबर : फिलाडेल्फियातील एका पराभवमालिकेचा आणि प्रेक्षकांच्या रोषाचा इतिहास

२१ सप्टेंबर १९६४ च्या सकाळी नॅशनल लीग ह्या अमेरिकन बेसबॉल संघटनेच्या तक्त्यात फिलाडेल्फिया शहराचा ‘फिलीज’ संघ अग्रस्थानी होता. खेळलेल्या १५० सामन्यांपैकी ९० त्याने जिंकले होते व ६० गमावले होते. हंगामाचे केवळ बारा सामने शेष होते आणि सिनसिनाटी व सेंट लुई हे दोन्ही संघ साडेसहा सामन्यांनी मागे होते. हंगामाअखेर सेंट लुईच्या विजयांची संख्या ९३ भरली हे ध्यानी घेता, फिलीजला बारांपैकी चार विजय पुरेसे होते. ते त्यांना मिळाले नाहीत. लागोपाठ दहा सामने गमावून त्या संघाने अवघ्या दहा दिवसांत हातचे विजेतेपद घालविले. क्रीडेच्या इतिहासात पराभव असंख्य असतात. परंतु ह्या पराभवाने एका शहराच्या मनात जी कटुता निर्माण केली ती चाळीस-पन्नास वर्षे टिकून राहिली, आणि म्हणून तिचा विचार केवळ क्रीडावृत्त म्हणून करून भागत नाही.

ह्या कटुतेचे स्वरूप समजण्यास तत्कालीन स्पर्धेची रचना प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. आपल्याकडील क्रिकेटच्या कसोटी सामन्यांशी परिचित असलेल्या वाचकास बेसबॉलचा हंगाम विलक्षण दीर्घ वाटेल. एप्रिलपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत, जवळजवळ प्रत्यही, १६२ सामने खेळले जात. नॅशनल लीगमध्ये त्या वेळी दहा संघ होते आणि सर्वाधिक विजय मिळविणारा एकच संघ ‘पेनंट’ म्हणजे विजयनिशाणाचा धनी होऊन जागतिक मालिकेत प्रवेश करी. दुसऱ्या क्रमांकास कोणतेही फळ नव्हते. लीगचे दोन विभाग पाडून त्यांच्या विजेत्यांमध्ये उपान्त्य मालिका खेळविण्याची पद्धत १९६९ मध्ये आली. १९६४ मध्ये सहा महिन्यांचा संसार एकाच पारड्यात तोलला जात असे. शिवाय नित्याच्या सामन्यांमुळे प्रेक्षकाचा संघाशी येणारा संबंध उत्सवासारखा प्रासंगिक नसून शेजाऱ्यासारखा रोजचा होता. घरात, दुकानात, मोटारीत रेडिओवरून त्याचा आवाज सतत कानी पडत असे. दहा दिवसांचा पराभव हा म्हणून दहा स्वतंत्र संध्याकाळींचा पराभव होता.

दुसरी गोष्ट शहराच्या पूर्वस्मृतीची. फिलीज संघाची स्थापना १८८३ ची. तेव्हापासून १९६४ पर्यंत त्याने पेनंट केवळ दोनदा, १९१५ आणि १९५० मध्ये, जिंकले होते आणि दोन्ही वेळा जागतिक मालिकेत त्याची हार झाली होती. १९१८ ते १९४८ ह्या एकतीस हंगामांपैकी ज्यात पराजयांहून विजय अधिक झाले असा हंगाम एकच, १९३२ चा. शहराचा दुसरा संघ, ॲथलेटिक्स, १९५४ च्या हंगामानंतर कॅन्सस सिटीस निघून गेला. १९६१ मध्ये फिलीजने लागोपाठ २३ सामने गमावले. आधुनिक बेसबॉलमधील हा उच्चांक आजही अबाधित आहे. अशा संघाचा मॅनेजर जीन मॉख ह्याने १९६२ मध्ये ८१, १९६३ मध्ये ८७ विजय मिळवून दिले, आणि १९६४ मध्ये तर संघ उन्हाळाभर वरच्या स्थानांवर राहिला. २१ जून रोजी जिम बनिंग ह्या पिचरने न्यूयॉर्क मेट्सच्या एकाही फलंदाजास बेसवर पोहोचू न देता सामना जिंकला. त्या वर्षी घरच्या मैदानावर १४ लाख २५ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. संघाच्या इतिहासात तोवर इतके कधी आले नव्हते. सप्टेंबरात जागतिक मालिकेची तिकिटेही छापली गेली. ज्याने कधी आशा धरली नव्हती त्याला आशा धरावयास लावून मग ती हिरावून घेतली गेली. निराशेची तीव्रता पराभवांच्या संख्येत शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट निसटते.

पराभवमालिकेचा आरंभ ज्या प्रसंगाने झाला तो प्रेक्षकांच्या स्मृतीत सर्वांत खोल रुतला आहे. २१ सप्टेंबरच्या सामन्यात, सुमारे वीस हजार प्रेक्षकांसमोर, सहाव्या डावात सिनसिनाटीचा चिको रुईझ हा नवखा क्युबन खेळाडू तिसऱ्या बेसवर उभा होता. फलंदाजी करीत होता फ्रँक रॉबिन्सन, लीगमधील सर्वांत भयंकर फलंदाजांपैकी एक. अशा वेळी धावकाने स्वस्थ उभे राहून रॉबिन्सनच्या फटक्याची वाट पाहावी हा साधा व्यवहार. रुईझ मात्र पिचर आर्ट महाफी चेंडू टाकण्याच्या तयारीत असतानाच होम प्लेटकडे धावत सुटला. महाफीची नजर त्याच्यावर गेली, चेंडू भरकटला आणि धाव पूर्ण झाली. सामन्यातील ती एकमेव धाव. रुईझच्या ह्या साहसाने त्याच्या स्वतःच्या संघाचा प्रभारी मॅनेजर डिक सिस्लरही संतापला होता. हाच सिस्लर १९५० मध्ये फिलीजकडून खेळत होता आणि हंगामाच्या अखेरच्या दिवशी ब्रुकलिनविरुद्ध दहाव्या डावात होम रन मारून त्यानेच फिलाडेल्फियास पेनंट मिळवून दिले होते. इतिहासात असे योगायोग आढळतात आणि त्यांवर फार भार टाकू नये हेच बरे. परंतु प्रेक्षकांची स्मृती असा संयम पाळीत नाही.

पुढील पराभवांची यादी देण्याचे प्रयोजन नाही. सिनसिनाटीने तीन आणि मिलवॉकीने चार सामने फिलाडेल्फियातच जिंकले. २७ सप्टेंबरच्या १४-८ अशा पराभवात फिलीजच्या जॉनी कॅलिसनने तीन होम रन मारले, तरी त्याच दिवशी अग्रस्थान सिनसिनाटीकडे गेले. नंतर सेंट लुईस जाऊन संघ तिन्ही सामने हरला. ह्या काळात मॉखने बनिंग आणि ख्रिस शॉर्ट ह्या आपल्या दोन मुख्य पिचरांना तीन दिवसांऐवजी दोनच दिवसांच्या विश्रांतीनंतर पुन्हा उभे केले : शॉर्टला २५ व २८ रोजी, बनिंगला २७ व ३० रोजी. चारही सामने हातचे गेले. मॉखच्या घाबरटपणाचा पुरावा म्हणून हा निर्णय पुढे इतक्या वेळा सांगितला गेला की तोच संपूर्ण घटनेचे कारण ठरला. हे मत तपासून घेण्याजोगे आहे. दहा पराभवांपैकी पहिले चार ह्या निर्णयापूर्वीचे आहेत. इतर पिचरांपैकी काही दुखापतींनी बेजार होते. आणि ऑगस्टमध्ये आणलेला अनुभवी फलंदाज फ्रँक थॉमस ८ सप्टेंबरलाच अंगठा मोडून बसला होता. मॉखची चूक मोठी होती, पण एकच चूक एवढे ओझे वाहू शकत नाही. पुढे एकंदर सव्वीस हंगाम मॅनेजरपद भूषवूनही त्यास एकही पेनंट मिळाले नाही, ह्यामुळे लोकमानसातील हा निवाडा अधिकच पक्का झाला असावा.

अखेरच्या दिवशी, ४ ऑक्टोबरला, एक क्रूर गोष्ट घडली : आशा परत आली. फिलीजने २ ऑक्टोबरला सिनसिनाटीस हरवून मालिका खंडित केली होती, आणि त्या वर्षी १०९ सामने गमावणाऱ्या मेट्सने सेंट लुईस लागोपाठ दोनदा हरविले होते. फिलीजने ४ तारखेस सिनसिनाटीवर १०-० असा विजय मिळविला. त्याच दिवशी सेंट लुई पुन्हा हरता तर तिन्ही संघ ९२ विजयांवर बरोबरीत येते. सेंट लुईने ११-५ असा सामना जिंकला आणि पुढे जागतिक मालिकाही जिंकली.

ह्या निराशेचा पुढील प्रवास पाहू जाता एक विसंगती समोर येते. चाहते रुसून मैदानाकडे पाठ फिरवतील अशी अपेक्षा असते. आकडे तसे सांगत नाहीत. १९६५ मध्ये संघ सहाव्या स्थानी घसरला, तरी प्रेक्षकसंख्या ११ लाख ६६ हजार होती. १९६६ मध्ये ११ लाखांच्या वर. खरी गळती नंतरची : १९६९ पर्यंत संख्या ५ लाख १९ हजारांवर आली. म्हणजे सप्टेंबरच्या पराभवानंतर निदान दोन हंगाम लोक येतच राहिले, तिकीट काढून येत आणि हुर्यो उडवीत. त्यांचा रोष हा संघाशी असलेल्या जवळिकीचाच एक आविष्कार होता असे म्हणावयास हरकत नाही.

पण हुर्यो कोणाची? येथे ह्या इतिहासाचा खरा गाभा आहे. मॉखला टीका चुकली नाही, परंतु तो जून १९६८ पर्यंत पदावर राहिला. चाहत्यांच्या क्रोधाचे स्थिर लक्ष्य झाला तो तिसरा बेस सांभाळणारा तरुण कृष्णवर्णी खेळाडू डिक ॲलन. १९६४ हे त्याचे पहिलेच पूर्ण वर्ष. त्याची फलंदाजीची सरासरी .३१८ होती, त्याने २९ होम रन मारले, लीगमध्ये सर्वाधिक १२५ धावा काढल्या आणि वर्षातील सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळविला. सप्टेंबरच्या पडझडीतही त्याची बॅट थंडावली नव्हती. क्षेत्ररक्षणात त्याने ४१ चुका केल्या हे खरे. पण तिसरा बेस त्याला नवा होता. ‘रिची’ हे नाव आपणास आवडत नाही असे तो सांगत असताही वृत्तपत्रे ते वापरीतच राहिली. ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीत पुढील संघर्षाचे बीज आहे.

त्याच्या छळाचे मूळ केवळ १९६४ च्या पराभवात शोधणे कालक्रमाशी विसंगत ठरते. निर्णायक दिवस ३ जुलै १९६५ चा. त्या दिवशी सामन्यापूर्वीच्या सरावात वर उल्लेखिलेला थॉमस, जो श्वेतवर्णी होता, आणि ॲलन यांच्यात मारामारी झाली. सहकाऱ्यांच्या पुढील काळातील कथनांनुसार तिचे मूळ वर्णवाचक टोमण्यात होते. थॉमसने ॲलनच्या खांद्यावर बॅटचा तडाखा मारला. संघाने थॉमसला लगोलग काढून टाकले आणि मॉखने दंडाची धमकी देऊन ह्या प्रकरणी बोलण्यास खेळाडूंना मनाई केली. ॲलनचे तोंड बंद असल्यामुळे एका ज्येष्ठ खेळाडूस त्यानेच घालविले, हीच कथा प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. त्यानंतर शिव्या, नाणी, बाटल्या यांचा मारा होऊ लागला. क्षेत्ररक्षण करतानाही तो हेल्मेट घालू लागला. १९६९ मध्ये पहिल्या बेसजवळच्या मातीत तो पायाने अक्षरे कोरी; त्यांतील एक शब्द ‘बू’ होता, म्हणजे ‘उडवा हुर्यो’.

ह्या वागण्याची पार्श्वभूमी शहराच्या नकाशात दिसते. कॉनी मॅक स्टेडियम उत्तर फिलाडेल्फियात लिहाय ॲव्हेन्यूवर होते. भोवतालची वस्ती तोवर बहुतांशी कृष्णवर्णी झाली होती, तर प्रेक्षक बहुतांशी श्वेतवर्णी असून शहराच्या इतर भागांतून व उपनगरांतून मोटारींनी येत. पेनंटचे स्वप्न रंगात आले असतानाच, २८ ऑगस्ट १९६४ च्या रात्री, मैदानापासून मैलभर अंतरावरील कोलंबिया ॲव्हेन्यूवर पोलिसांशी झालेल्या चकमकीतून दंगल उसळली आणि ती तीन दिवस चालली. दुकाने लुटली गेली. त्यांपैकी अनेक पुन्हा उघडली नाहीत. त्या भागात रात्रीच्या सामन्यास जाण्याची अनेक प्रेक्षकांना धास्ती वाटू लागली. विल्यम कॅशेटस ह्या अभ्यासकाने १९६४ चा संघ आणि वर्णीय एकीकरण यांचा एकत्र विचार केला आहे, आणि ती दिशा योग्यच आहे. नॅशनल लीगमध्ये कृष्णवर्णी खेळाडूस सर्वांत शेवटी, १९५७ मध्ये, स्थान देणारा संघ हाच होता. तथापि प्रत्येक हुर्योमागे वर्णद्वेष होता असे मानणे घाईचे होईल. ह्या शहराचे प्रेक्षक श्वेतवर्णी खेळाडूंनाही सोडीत नसत. अधिक संभाव्य असे दिसते की सप्टेंबरने रोषाचा साठा निर्माण केला, आणि पुढील उन्हाळ्यात त्या साठ्यास सोयीचा धनी मिळाला.

ह्याचा परिणाम फिलाडेल्फियाबाहेरही झाला. ऑक्टोबर १९६९ मध्ये ॲलनला सेंट लुईस देऊन त्याच्या बदल्यात जे खेळाडू घेण्यात आले त्यांत कर्ट फ्लड होता. हाच फ्लड १९६४ मध्ये फिलीजला मागे टाकणाऱ्या संघाचा मध्यक्षेत्ररक्षक. त्याने फिलाडेल्फियास जाण्याचे नाकारले. आपण विकत घेण्याची व विकण्याची वस्तू नाही हा त्याचा मुख्य मुद्दा होता; परंतु ॲलनची गत ज्या शहरात झाली त्या शहराची कीर्तीही त्यास ठाऊक होती. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी त्याच्याविरुद्ध निर्णय दिला. तरी खेळाडूस एकाच संघाशी बांधून ठेवणारी ती अट १९७५ च्या अखेरीस लवादाच्या निर्णयाने मोडली.

जुन्या मैदानाचा शेवटचा सामना १ ऑक्टोबर १९७० रोजी झाला. त्या रात्री प्रेक्षकांनी खुर्च्या व फळ्या उखडून स्मृतिचिन्हे म्हणून घरी नेल्या. संघाने पहिली जागतिक मालिका १९८० मध्ये जिंकली. २००७ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने सतरा सामने उरले असता असलेली सात सामन्यांची आघाडी गमावली आणि तिचा लाभ फिलीजला झाला. फिलाडेल्फियातील वयस्कर चाहत्यांस तेव्हा १९६४ आठवल्याशिवाय राहिले नाही. ॲलन १९७५ मध्ये फिलीजकडे परतला होता व दोन हंगाम खेळला होता. संघाने त्याचा १५ हा क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला तो ३ सप्टेंबर २०२० रोजी. साथीच्या निर्बंधांमुळे प्रेक्षागार रिकामे होते. त्याच वर्षी ७ डिसेंबरला तो निवर्तला. बेसबॉलच्या मानकरी-मंदिरात त्याची निवड डिसेंबर २०२४ मध्ये झाली.